बेशुद्ध कोण पडणार?

आमच्याकडे जिवंत माणूस मेल्याचं सोंग घेत नाही. घेतलं तर ते खरं होतं, असं सगळे मानतात, आणि मी शाळेत विज्ञान शिकवत असले तरी मीही मानते. त्यामुळे दूध शीतकरण केंद्रावर गॅसगळतीचा सराव ठरला आणि त्यात एक माणूस बेशुद्ध पडलेला दाखवायचा आहे असं कळलं, तेव्हा झाडून सगळ्या कामगारांची पाठ एकदम दुखायला लागली.

केंद्र काष्टीजवळच, आमच्या वस्तीला लागून. दूध थंड करणाऱ्या यंत्रात अमोनिया असतो आणि त्या यंत्रावर आमचे हे काम करतात. ह्यांची ख्याती अशी, की गॅसचा वास आला रे आला की पंचा भिजवून तोंडाला गुंडाळायचा आणि सरळ आत शिरून वॉल्व्ह बंद करायचा. मास्क कपाटात. "मास्क नव्या पोरांसाठी हाय," म्हणतात. गाव ह्यांना वाघ म्हणतं. वाघ आत गेल्यावर बाहेर त्याच्या बायकोचा जीव कसा टांगणीला लागतो, ते गावाला कोण सांगणार? मी ह्यांना सांगून पाहिलं. भिंतीला सांगितलं असतं तर निदान तिने पोपडा तरी टाकला असता.

सराव घ्यायला दोन परदेशी पाहुणे आले होते. एक कुठल्याशा थंड देशातल्या उंच बाई, दुसरे जपानचे ठेंगणे, हसरे गृहस्थ. सोबत पुण्याचा दुभाषा. बाईंनी सांगितलं, की त्यांच्याकडे एका देशातल्या कारखान्याचं विष नदीतून शेजारच्या देशात जातं, म्हणून बऱ्याच देशांनी मिळून ठरवलंय : अपघात लपवायचा नाही, शेजाऱ्याला ताबडतोब कळवायचं, आणि आपण ठेच खाऊन जे शिकलो ते दुसऱ्याला आधीच शिकवायचं. आमचे सरपंच भारावून गेले. त्यांचं आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं बांधावरून बोलणं बंद आहे; विहिरीवरची मोटार चालू केली हे एकमेकांना कळवायलासुद्धा मध्ये माणूस घालावा लागतो. पण देशांनी एकमेकांना कळवावं, याला त्यांनी भाषणातून जाहीर पाठिंबा दिला. मग शाल, नारळ आणि फेटे झाले. त्याशिवाय आमच्याकडे गॅससुद्धा गळू शकत नाही.

"आता बेशुद्ध कोण पडणार?" दुभाष्याने विचारलं. सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. वाघच तो, त्याला कसली भीती!

"ह्यांना आडवं करायचं न्हाई," मी बायकांतून ओरडले. "माझ्या कुंकवाचा प्रश्न हाय."

दुभाष्याने ते इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे. बाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि जपानी पाहुणे स्वतःच जाऊन यंत्रघराच्या दारात आडवे झाले, फेट्यासकट. फेटा बांधून आडवा झालेला माणूस आम्ही आजवर फक्त वरातीनंतर पाहिला होता. लोक हसून हसून बेजार झाले.

नियम सोपा होता. यंत्रघराभोवती पिवळी दोरी बांधलेली. मास्क लावल्याशिवाय दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. भोंगा वाजला. हे धावत आले, नळाखाली पंचा भिजवला, तोंडाला गुंडाळला आणि दोरी ओलांडून पाहुण्यांपाशी पोचले. कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मास्क लावून बाई आल्या आणि त्यांनी ह्यांच्या गळ्यात लाल चिठ्ठी अडकवली.

"तुम्हीही पडलात," दुभाष्याने दोरीबाहेरून सांगितलं.

"मी? आरं, उभी हयात काढली ह्या पंच्यावर!"

बाई काहीतरी बोलल्या. दुभाषा म्हणाला, "त्या म्हणतात, पंचा थोडा वेळ वाचवतो. म्हणूनच माणूस आणखी आत जातो. आडवे व्हा."

पाहुण्यांचा शब्द मोडायचा कसा? हे झाले आडवे. "वाघ निजला!" कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा पिकला. मीही हसत होते. मग ह्यांनी डोळे मिटले, हात छातीवर ठेवले, आणि माझं हसू तिथंच थांबलं. घाबरले मी. सगळं खोटं आहे हे मला ठाऊक होतं, गॅसचा वासही नव्हता, पण पायांना ते कुठून कळणार? मी दोरी उचलली आणि ह्यांच्याकडे धावले.

पोचते न पोचते तोच माझ्याही गळ्यात लाल चिठ्ठी पडली. विज्ञानाच्या बाईंच्या गळ्यात! माझ्याच वर्गातली मुलं दोरीपलीकडे टाळ्या वाजवत होती. मास्कमधल्या पाहुण्या बाईंनी जमिनीकडे बोट दाखवलं. कुंकू, अपशकुन सगळं बाजूला ठेवून मी पदर सावरत ह्यांच्या शेजारी मातीत आडवी झाले.

ह्यांनी एक डोळा उघडला. चेहरा खरोखरच उतरला होता. "तू कशापायी आलीस आत?" हळूच म्हणाले. "येडी का काय?"

"तुमी कशापायी गेल्ता?"

लोक हसत होते, जपानी पाहुणे इमानदारीने बेशुद्ध होते. हे वर आभाळाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "त्या मास्कचा पट्टा लई घट्ट बसतोय. उद्या ढिला करून घेतो."