लाइट जायच्या आत

खेळताना ते कॉम्प्युटरच्या पडद्यापेक्षा डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे जास्त बघायचे. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग म्हणायचे, "हारलो बा. जमलं तुमचं," आणि शरणागतीचं बटण दाबून मोकळे. समोरचा खेळाडू हजारो मैलांवर असायचा, त्याला हे वऱ्हाडी ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता. पण तेवढं म्हटल्याशिवाय त्यांचं बोट खाली येत नसे.

बाभुळगावच्या एकुलत्या सायबर कॅफेत ते आणि मी शेजारी बसून इंटरनेटवर युद्धाचा खेळ खेळायचो. नकाशा, पलटणी, रसद, आळीपाळीने चाली. मी शाळेत इतिहास शिकवत असल्याने स्वतःला सेनापती समजायचो आणि नेमाने मार खायचो. ते सबस्टेशनवर ऑपरेटर होते. भारनियमनाचे दिवस. ठरल्या वेळी खटका ओढून गावाची वीज बंद करून शेतीपंपांची लाइन सुरू करायची, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांना पगार महिन्याला मिळे, शिव्या रोज.

सुटीच्या वेळी ते कॅफेत असले की तोच खटका त्यांचा सहकारी ओढायचा आणि त्यांचाच डाव अंधारात जायचा. म्हणून लाइट जायच्या आत ते हार मानून टाकत. जिंकत असले तरी!

"अहो, त्याची अर्धी फौज संपली होती," मी एकदा वैतागलो.

"मंग? लाइट गेली का त्याले काय दिसन? हा बाबा पळाला. वाट पाहत बसन बिचारा. कायले ताटकळत ठेवाचं कोणाले, सर? हाराले बी टाइमावर यावं लागते."

त्या खेळात प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने असत: जिंकला, हरला, डाव टाकून पळाला. त्यांचा दुसरा रकाना ओसंडून वाहत होता. तिसऱ्यात शून्य. त्या शून्यावर ते बोट ठेवत. "हारी मोजा ना किती मोजाच्या त्या. पळालो एकबी नाही."

कापसाची ती वाईट वर्षं तुम्हाला आठवत असतील. अभ्यास समित्या गाड्यांमधून यायच्या, शेतकऱ्यांना 'धीर सोडू नका' सांगायच्या आणि दिवेलागणीच्या आत यवतमाळच्या लॉजवर परतायच्या. आमचे हे गृहस्थ कोणाला काही सांगत नसत. खटका मात्र मिनिटभरही इकडेतिकडे होऊ देत नसत.

असे हे, लाइट असेपर्यंत डाव संपवत संपवत त्या खेळाच्या एका स्पर्धेत अंतिम डावापर्यंत पोचले. "एक स्पर्धा जिंकाची आहे, सर," ते मला हळूच म्हणाले. "एकच. मंग झालं."

बातमी फुटली. गावातल्या एका युवा नेत्याने चौकात 'विश्वविजेता' असा फलक लावला. खेळ अजून व्हायचा होता, आणि स्पर्धाही दुसऱ्या फळीतली होती. फलकावर नेत्याचा फोटो मोठा, ऑपरेटरचा नव्हताच.

डाव दुपारी सुरू झाला. वेळ भरपूर होता, पण मध्येच सबस्टेशनवरून सहकाऱ्याचा फोन आला: वरचा हुकूम, आज गावाची लाइट तासभर आधी, म्हणजे चार-पाच मिनिटांत जाणार. तेव्हा समोरच्याची राजधानी वेढलेली होती. जिंकायला फार तर तीन चाली. कॅफेची बॅटरी कधीच मेली होती.

नेते शाल-श्रीफळासह हजर होते. त्यांनी सबस्टेशनला फोन लावला. "दहा मिनिटं थांबव रे, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

सहकारी म्हणाला, "ऑपरेटर भाऊ म्हणतीन तर थांबवतो."

फोन ऑपरेटरच्या कानाला लावला गेला. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आपल्या दहा मिनिटांत तिकडं वावरात पंपाच्या मोटारी बंद राह्यतीन," ते म्हणाले. "बोंडं भरून राह्यली पऱ्हाटीचे. लोकं डीपीपाशी बसून आहेत." मग फोनमध्ये, "टाइमावर खटका पाड."

आणि वर ट्यूबलाइटकडे बघून, बटण दाबत, "हारलो बा. जमलं तुमचं."

समोरच्याने इंग्रजीत विचारलं, का? तुम्ही तर जिंकत होता. यांनी दोन बोटांनी आपल्या इंग्रजीत लिहिलं: आता कापसाची पऱ्हाटी पाणी पिणार. त्याने काही विचारायच्या आत पडदा काळा झाला.

"आता या शालीचं काय करू?" नेते म्हणाले.

"द्या मले. थंडी पडून राह्यली."

आम्ही बाहेर आलो. गावाबाहेर आधी एक मोटार घुरघुरली, मग दुसरी, मग लांबवर कुठे तिसरी. ते शाल पांघरून ऐकत उभे राहिले. मघाशी पडद्याकडे पाहताना होता तसाच चेहरा होता.

पुढे त्यांची मुकुटबनकडे बदली झाली. तिथेच आजारपणात गेले, असं उशिरा कळलं.

आता गावची लाइट सहसा जात नाही. मी घरीच खेळतो. परवा माझी पुरती वाताहत झाली होती. चिडून डाव अर्धाच टाकून मशीन बंद करणार, तेवढ्यात नकळत वर पाहिलं. ट्यूबलाइट लख्ख होती.

"हारलो बा," मी म्हणालो. "जमलं तुमचं."