हुंग्याची खुर्ची

विमानतळावर त्याला सगळे हुंग्या म्हणत. सिगारेटबंदीच्या पथकात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. पुरुषांच्या स्वच्छतागृहात शिरला, की कुठल्या दारामागे धूर निघतोय ते छतावरचं यंत्र बोंबलायच्या आत सांगायचा. दार ठोठावून म्हणायचा, "या पाहुणे, विझवून या!" पाहुणा बाहेर येईस्तोवर दंडाची पावती फाडून तयार.

मग पथकात ती पोरगी आली. ती हुंगायची नाही, माणसं बघायची. लांबच्या विमानातून उतरून खिसा चाचपत छताकडे बघणारा दिसला, की आडवी जायची. "दादा, ओढायची खोली त्या टोकाला. चला, दाखवते." पावती नाही, भांडण नाही. प्रवासी वर तिचेच आभार मानायचे. हुंग्याच्या वाट्याला आजवर फक्त शिव्या आल्या होत्या.

"ही पथकात आहे का पाहुण्यांच्या सरबराईला?" तो चहाच्या मशीनपाशी कुरकुरला.

"काहीतरी जळतंय बघा," सफाईवाली मावशी म्हणाली. "मलासुद्धा वास आला."

जळतच होता तो. नव्या भरतीला शिकवायला साहेब दोघांतला एक नेमणार होते. ती खुर्ची हुंग्यानं मनातल्या मनात कधीच पुसून ठेवली होती.

त्यात त्याला सर्दी झाली. सर्दी गेली ती वास घेऊनच. "अहो, दुधाचा कोळसा झाला आणि तुम्ही शेजारी पेपर वाचताय?" बायको ओरडली, तेव्हा त्याला कळलं. कामावर मात्र चकार शब्द काढला नाही.

निवडीच्या दिवशी साहेब त्याच्या मागोमाग स्वच्छतागृहात आले. "चला, बघू तुमची करामत." हुंग्यानं मान वर करून दोनदा हुंगलं. काही नाही. देवाचं नाव घेऊन तिसरं दार ठोठावलं. "या पाहुणे, विझवून या!"

कवळी हातात धरून एक म्हातारा डोकावला. "काय विझवू, बाबा?"

साहेबांच्या भुवया चढल्या. तोच दारातून पोरगी म्हणाली, "साहेब, आमच्या काकांनी मला मघाशीच खूण केली. पाचव्यात आहे. इथे नुसती हूल दिली." खिसा चाचपत आत शिरलेला माणूस तिनं दारातूनच हेरला होता. पाचवं दार उघडलं, धुराचा लोट बाहेर आला.

"याला म्हणतात अनुभव!" साहेब म्हणाले. खुर्ची हुंग्याला मिळाली.

बाहेर आल्यावर तिनं हळूच विचारलं, "काका, वास कधीपासून येत नाही?"

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" तो खेकसला. तिनं चुगली केली असती तर बरं झालं असतं, निदान तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पहिल्या दिवशी नवी पोरं समोर वह्या उघडून बसली. हुंग्याकडे शिकवायला होतं ते एक नाक, आणि तेही बंद. त्यानं घसा खाकरला. "आधी खिशाकडे बघायचं. मग तो छताकडे बघतो का, ते बघायचं."

मागच्या ओळीत पोरगी बसली होती. बरोबर आहे, अशी तिनं मान हलवली. एकोणीस वर्षांतली एकही शिवी त्याला एवढी झोंबली नव्हती.