मोडलेल्या लग्नाचा मांडव
"अगं, मशीन रीस्टार्ट कर आन् सोड की विषय!" साहेब असे ओरडले, की पार पेठ वडगावच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या असतील. तापलेल्या कॉम्प्युटरचा वास आला की ती आरोळी अजून कानात घुमते. आमचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, लोड होता होता अर्ध्यात अडकायचा, आणि तोवर घेतलेली मेमरी परत न देताच गप पडायचा. दहादा असं झालं की मशीनला श्वास घ्यायलाही जागा उरायची नाही. साहेबांना तो तसाच संध्याकाळी गिऱ्हाइकाला पाठवायचा होता. मी खुर्ची अडवून बसले. "साहेब, माझ्या वडलांचा मांडवाचा धंदा हाय. लगीन अर्ध्यात मोडलं म्हणून वासे कुणी लोकांच्या दारात सोडून येत न्हाई. नोकरी गेली तर जाऊ दे, हे असलं माझ्या हातनं जाणार न्हाई!" पण जोशात मीही चुकले. ज्या क्रमानं मेमरी घेतली त्याच क्रमानं सोडायला गेले, म्हणजे वर कापड असतानाच खांब उपटले, आणि सगळं मशीन डोक्यावर कोसळलं. मग वडलांच्या गड्यांसारखं उलटं केलं. शेवटी घेतलेलं आधी सोडलं. नंतर ड्रायव्हर मुद्दाम लाखभर वेळा अर्ध्यात अडकवला, मेमरीचा कणही हरवला नाही. मैदान मारलेल्या पैलवानासारखी मी साहेबांकडे वळले. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "बरं झालं. पण ड्रायव्हर अजून लोड हुईना की."