टिपणीस वकिलांचा वशिला

कर्जतचे हरिभाऊ टिपणीस वकील कोर्टात फार हळू बोलत आणि वशिल्याचा विषय निघाला की फार मोठ्यानं. लढाई संपली तशी मुलांना कॉलेजात घालायची चढाओढ लागली होती. जागा मोजक्या, मॅट्रिक झालेले उदंड. जूनमध्ये रोज कुणी ना कुणी त्यांच्या ओटीवर येऊन बसे. "पुण्यात तुमच्या ओळखी आहेत. एक शब्द टाका."

हरिभाऊ चष्मा काढून पुसायला घेत, आणि मग सुरू होत. ज्याचे गुण त्याची जागा. मागच्या दारानं आत घुसलेला मुलगा पुढच्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी बाहेर ठेवतो. भाषण संपेपर्यंत आलेल्या माणसाला आपण काय मागायला आलो होतो तेच आठवेनासं होई.

शेहेचाळीस साली कळंबचा शेतकरी आबाजी आला. त्याचा वाल्मिक मॅट्रिक झाला होता. भाषण त्यानं मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं, अशी माणसं हरिभाऊंना क्वचितच भेटत.

"पटलं, वकीलसायेब," आबाजी उठत म्हणाला. "आता वशिला नको. मीच जाऊन इचारतो, पोराला घ्याल का नाय म्हनून."

त्याच वर्षी हरिभाऊंची सुचेताही मॅट्रिक झाली. तिला सायन्सला जायचं होतं. गुण चांगले होते. पण चांगले म्हणजे कितपत चांगले, या विचारानं हरिभाऊंना अन्न गोड लागेना. त्यात त्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल एके काळी वसतिगृहात त्यांच्याच खोलीत राहिलेले.

"अण्णा, तुम्ही कुणाला भेटायला जायचं नाही हं," सुचेतानं बजावलं.

"मी? छे!" हरिभाऊ म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची दाढ दुखायला लागली. दाढेचा चांगला डॉक्टर पुण्यातच होता. पत्नी उमाबाईंनी गालाला मफलर बांधून दिला. "पूर्वीपासूनच दुखतेय, की निकाल लागल्यापासून?" एवढंच त्यांनी विचारलं.

गाडीत चढले तर समोरच्या बाकावर आबाजी.

"आं, सायेब! दाढ का?" त्यानं बंडीच्या खिशातून लवंग काढली. "धरा दाताखाली. नाय नाय, चावायची नाय, नुसती धरा." अख्खा घाट चढेपर्यंत हरिभाऊ धडधाकट दाढेखाली लवंग धरून बसले. जीभ बधिर झाली. पुणे स्टेशनात त्यांनी आबाजीला चुकवायचा बेत केला; पण दुखणाईत माणसाला परक्या गावात एकटं सोडणं आबाजीला कसं जमावं? "आधी तुमचा डॉक्टर बगू, मंग पोराचं कालेज," तो म्हणाला. अखेर हरिभाऊंनी सांगून टाकलं, की आपल्यालाही त्याच कॉलेजात थोडं काम आहे.

आबाजी थबकला. त्याचे डोळे भरून आले. हरिभाऊंना कारण कळलं ते प्रिन्सिपॉलांच्या खोलीत.

"अरे हरी! इकडे कुठे?" प्रिन्सिपॉल उठून उभे राहिले.

हरिभाऊंची जीभ अजून नीट वळत नव्हती. तेवढ्यात आबाजीनं हात जोडले. "मी सांगतो सायेब. मला तोंडावर म्हनले, वशिला लावनार नाय. आन आज दाढ एवडी ठनकत असताना माज्या पोरासाटी हितं आले. असा मानूस बगितला नाय मी."

"खरंच?" प्रिन्सिपॉल म्हणाले.

हरिभाऊंनी आबाजीकडे पाहिलं. त्या चेहऱ्यासमोर 'नाही' म्हणणं त्यांना जमलं नाही. "मुलगा... हुशार आहे," ते म्हणाले. वाल्मिकला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आणि तुझी मुलगीही यंदा मॅट्रिक झाली ना? तिचं काय?"

हा प्रश्न ऐकायला तर ते घाट चढून आले होते. पण शेजारी आबाजी असा उभा होता, जणू देवळात आहे. "तिचं तिच्या गुणांवर," हरिभाऊ म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांची दाढ खरोखरच ठणकू लागली.

आठवड्याभरात कळलं, दोघांनाही प्रवेश मिळाला होता. सुचेताचं नाव चांगलं वर होतं. तिला कुणाच्या शब्दाची गरजच नव्हती. वाल्मिकचं बरंच खाली. तो आपल्या शब्दानं आत गेला की स्वतःच्या गुणांनी, हे हरिभाऊंनी प्रिन्सिपॉलांना कधीच विचारलं नाही. शब्दानं म्हणावं, तर कुणातरी तिसऱ्याची जागा गेली. गुणांनी म्हणावं, तर आपला शब्द फुकट गेला. दोन्ही उत्तरं सारखीच बोचणारी होती.

आबाजीनं मात्र कर्जतपासून खालापूरपर्यंत सांगितलं, की टिपणीस वकील तोंडानं नाही म्हणतात पण काम करतात. पुढच्या वर्षी ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. "माझा कुठेही वशिला नाही!" हरिभाऊ ओरडत, आणि लोक एकमेकांकडे बघून समजूतदारपणे हसत.

शेवटी त्यांनी वकिली युक्ती काढली. "वशिला लावतो. पण पोरानं परीक्षेच्या आधी वर्षभर दर रविवारी इथं येऊन इंग्रजी आणि गणित करायचं. नाहीतर माझा वशिला चालत नाही."

मुलं येऊ लागली. खोपोलीहून पदू आला, खालापूरहून जना आली. हरिभाऊ व्याकरण घेत. सुट्टीत सुचेता आणि वाल्मिक गणित घेत. मुलं आपल्या गुणांनी कॉलेजात जात आणि त्यांचे बाप हरिभाऊंचे पाय धरत.

एका रविवारी त्यांच्या लक्षात आलं, की नव्या मुलांत आबाजीच्या भावकीतलेच जास्त आहेत. बाहेर येऊन बघतात तो आबाजी पायरीवर बसलेला, आणि समोर बायजा नावाची बाई मुलीचा हात धरून उभी. "ओटी भरली हाय," आबाजी तिला सांगत होता. "पन तुमी आमच्या भागूबाईच्या नात्यातल्या, तर बगू कायतरी."

"आबाजी!" हरिभाऊंचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. "माझ्या दारात वशिला?"

आबाजी गडबडून उठला. "मग काय करू सायेब? जागा नाय. कुनाला तरी नाय म्हनायलाच लागतंय. ज्याला वळखतो त्याला नाय म्हनवत नाय."

चष्मा पुसायला हरिभाऊंचा हात वर गेला, पण भाषण काही सुचेना. आतून सुचेताचं हसू ऐकू आलं.

"चला," ते म्हणाले. "सतरंज्या घ्या. मारुतीच्या देवळाचा मंडप मोठा आहे."

बायजाच्या मुलीनं न सांगताच सतरंजीचं एक टोक धरलं. दुसरं आबाजीनं उचललं.