आमच्या कॉम्प्युटरची भुणभुण

विकत आणलेल्या कॉम्प्युटरबरोबर वॉरंटी येते. मी स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरबरोबर किस्से आले. पंख्याच्या पात्यांवर फरीदाबादची धूळ बसते ना, तसे ते बसत गेले. पुसा, उद्या पुन्हा तेवढेच!

मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. बाकीचं माझं मी शिकले. शिलाई मशीन उघडायला शिकले, कूलरची मोटर बदलायला शिकले आणि सत्तरी ओलांडल्यावर व्हिडिओ बघून कॉम्प्युटर जोडायला शिकले. दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात सामान घेताना दुकानदार म्हणाला, "माताजी, पोते के लिए?"

मी म्हटलं, "पोता अपना खुद जोड़ ले. ये मेरा है."

तो दिल्लीचा उन्हाळा आहे म्हणून दोन पंखे जास्तीचे देऊन मोकळा झाला. एकूण चार. तिथून सगळं सुरू झालं.

*

कॉम्प्युटर हवा होता तो सुशीलाबाईंसाठी. त्या आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. आयुष्यभर पोरांना मराठी शिकवलं आणि आता डोळे गेले. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. म्हणून आम्ही तिघी माझ्या खोलीत जमतो, एक जाडजूड कादंबरी वाचून रेकॉर्ड करतो आणि त्यांच्या फोनवर पाठवतो. एक नलिनी, मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेली. दुसरी शेवंता, सुभेदारसाहेबांची बायको, मूळची साताऱ्याकडची, निम्मं आयुष्य कॅन्टोन्मेंटमध्ये काढलेली. तिसरी मी. वाचते मी, कारण माईक माझा आहे.

पहिलं प्रकरण पाठवलं आणि बाईंचा फोन.

"इंदू, घरात पिठाची गिरणी टाकलीस का?"

"नाही हो बाई, कॉम्प्युटरचे पंखे आहेत."

"माझ्या कानात यंत्र आहे. त्यात तुझं वाचन बारीक येतं आणि ही भुणभुण मोठी. दोन ओळींत डोकं उठतं. हे असंच असेल तर पाठवू नकोस. मी ऐकणं सोडते."

"मग दिवसभर काय कराल?"

"काय करायचं? बसायचं."

फोन ठेवला आणि मी पदर खोचला. बाईंनी नुसतं बसायचं, तेही माझ्या पंख्यांमुळे? बिल्कुल नाही.

*

शेवंताचं निदान सर्वांत सोपं होतं. "ताई, टेबल थरथरतंय. त्याच्याखाली काहीतरी मऊ घाला." दुसऱ्या दिवशी ती घरून गोधडी घेऊन आली, स्वतः टाके घातलेली. चार घड्या केल्या आणि कॉम्प्युटर वर बसवला. आवाज खरंच बसला. शेवंता अशी बघत होती, जणू सीमा राखून आली.

पान संपायच्या आत कॉम्प्युटर बंद पडला. हात लावला तर तव्यासारखा तापलेला! मग आठवलं की त्याचा एक पंखा पोटाखाली असतो आणि हवा तिथूनच ओढतो. आम्ही त्याच्या नाकावर गोधडी दाबून धरली होती.

शेवंता म्हणाली, "थंडीत आमच्या ह्यांना हीच चालते, त्यांना कधी असं झालं नाही."

*

नलिनीने मग ऑफिसची पद्धत काढली. "आधी जबाबदार कोण, ते फिक्स करू. एकेक पंखा बंद करायचा. ज्याच्यानंतर आवाज जाईल, तो दोषी."

एक बंद केला. आवाज तसाच. दुसरा, तिसरा, चौथा. तसाच. शेवटी वैतागून मी अख्ख्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली.

आवाज चालूच!

शेवंताने हात जोडले. नलिनी म्हणाली, "इंदूताई, वीज नसताना मशीन चालतंय, हे माझ्या सर्व्हिसमध्ये कधी झालं नाही."

दिवाळीनंतरचे दिवस होते. कोपऱ्यात, पडद्यामागे, हवा साफ करायचं मशीन फुल स्पीडवर गुरगुरत होतं. त्या धुरकट दिवसांत ते इतकं सवयीचं झालेलं असतं, की आहे हेच ध्यानात राहत नाही.

ते बंद केलं आणि पुढचं प्रकरण रेकॉर्ड करून पाठवलं. संध्याकाळी बाईंचा फोन. "अर्धी भुणभुण गेली. आता तुम्ही तिघी खोकताय का?"

*

अर्धी गेली म्हणजे अर्धी उरली, आणि ती कॉम्प्युटरचीच होती. जावयाला फोन लावला, तर मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "आई, हेलिपॅडवर आहात का?" वर आणखी, "लॅपटॉप घेऊन टाका ना."

मी म्हटलं, "सासूही नवी घे." मुलीने त्याच्या हातून फोन काढून घेतला.

*

मी रेकॉर्डिंगला बसले की मागे नलिनी आणि शेवंताची कुजबुज सुरू. मी डोळे वटारले, तर नलिनी म्हणाली, "एवढ्या घरघरीत आपलं कोण ऐकतंय? वाच तू." तेही खरंच होतं. मग मीही लक्ष देणं सोडलं. कुणाची सून, कुणाची किटी पार्टी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं माझ्या पाठीमागे चालायचं आणि मी पुढे वाचत राहायचे.

*

आता हा किस्सा मी कुणाला सांगत नाही, पण लिहायला हरकत नाही.

कूलरच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझा शब्द शेवटचा. दर उन्हाळ्यात मी घरोघर सांगत फिरते, "खिडकी उघडा! कूलर हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट नको?" खिडक्या बंद ठेवून कूलर लावणाऱ्यांना मी तोंडावर बावळट म्हटलेलं आहे.

शेवटी कॉम्प्युटर उचलून ऑटोत घातला आणि मेट्रोने नेहरू प्लेसला नेला. सिक्युरिटीच्या मशीनमधून तो गेला तेव्हा शिपायाने विचारलं, "अम्मा, ये क्या है?" मी म्हटलं, "मरीज़ है."

दुकानदाराने झाकण काढलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "माताजी, चारों पंखे हवा अंदर खींच रहे हैं. निकलेगी कहाँ से?"

पंख्याच्या कडेला बारीक बाण असतो, हवा कुठे जाणार ते सांगणारा. मी चारही बाण आत वळवले होते. आतला गरम वारा कोंडलेला आणि तो काढायला प्रोसेसरवरचा बिचारा छोटा पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. कूलर घेतला होता आणि खिडकी बंद ठेवली होती. मी! गल्लीला अजून पत्ता नाही.

*

घरी येऊन दोन पंखे मी स्वतः उलटे केले. धूळ ब्रशने काढली. स्क्रूखाली घालायला रबराचे वॉशर नलिनीने पहाडगंजहून आणले होते, तेही बसवले. कॉम्प्युटर टेबलावरून उतरवून लाकडी पाटावर ठेवला. सगळं एकाच दुपारी केलं, त्यामुळे नेमक्या कशाने गुण आला ते मला आजही सांगता येत नाही. बटण दाबलं तेव्हा दिवा लागला आणि आवाजच नाही. मला वाटलं, मेला. कान लावला, तर आत कुणीतरी झोपल्यासारखा श्वास.

त्याच दिवशी प्रकरण रेकॉर्ड केलं. नायिकेचा बाप जातो ते प्रकरण. मी जीव ओतून वाचलं, शेवटी माझाच आवाज कापला. मागे नलिनी आणि शेवंताचं सवयीने चालूच होतं. पुन्हा ऐकायला मी थांबले नाही. अभिमानाने पाठवून दिलं.

दुसरा दिवस गेला, फोन नाही. तिसरा गेला. मला वाटलं, संपलं. बाईंनी ऐकणं सोडलं. शेवटी मीच फोन लावला. त्यांच्या मुलाने उचलला. त्याची त्या दिवशी सुट्टी होती.

"मावशी, तुम्ही काय पाठवलंत? आई सकाळपासून तेच लावून बसलीय. जेवायलाही उठत नाही."

माझा ऊर भरून आला. म्हटलं, "दे बाईंना."

बाई आल्या. आवाज एकदम टवटवीत. "इंदू, भुणभुण गेली गं. स्वच्छ. शब्द न् शब्द ऐकू येतो."

"वाचन कसं झालं बाई? बाप जातो तो भाग..."

"कुठला बाप? हे बघ, शेवंताच्या वरच्या मजल्यावरची ती मल्होत्रा. चोरून स्कूटी शिकली आणि सकाळी सकाळी नवऱ्याचा डबा दारात ठेवून निघून गेली. इथवर आलंय. पण गेली कुठे, ते मला सारखं मागे घेऊनही कळत नाही."

"का?"

"मध्ये तुझं वाचन येतं. शेवंताला विचारून सांग. आणि पुढच्या वेळी तू जरा हळू वाच."