मिस्त्रींचा उजवा कान

बेचाळीस सालच्या खंडेनवमीला, दुपारी चारच्या सुमाराला, साताऱ्यातल्या एका मोटार-मिस्त्रींचा उजवा कान ठाण्यावर फोडण्यात आला. ज्या हवालदारानं तो फोडला त्याच्यावर आम्ही दोन पत्रकं काढली. ज्यांच्या करणीमुळे फुटला त्यांच्यावर एक ओळही काढली नाही, कारण ते आम्हीच होतो. ती ओळ आज लिहितो आहे.

तो कान साधा नव्हता. नाक्याजवळच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमच्यापैकी पुष्कळजण कधीतरी उभे राहिले असतील. मालक तक्रार सांगायला लागला की मिस्त्री हात वर करत. "तुमी गप ऱ्हावा. तिला बोलू द्या." मग लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. पहिल्या लढाईत बसऱ्याला लष्करी लॉऱ्या दुरुस्त करताना ते ही विद्या शिकले होते.

एकदा एका वकिलांना म्हणाले, "तिसरं शिलिंडर खोकतंय. आन् काल घाटात तुमी कुनालातरी ढकलाया लावलंसा."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनंच."

खंडेनवमीला शेडमधल्या हत्यारांची पूजा व्हायची. दुरुस्त होऊन चालत्या झालेल्या गाडीला झेंडूचा हार. जिचं अजून ठरलं नाही तिला नुसतं कुंकू. घाईचा मालक हार आणून द्यायचा, तो मिस्त्री बाजूला ठेवायचे. "हार घातला म्हंजे शबुद दिला. अजून तिनं दिला न्हाई, मी कसा द्यू?"

रहिमतपूरला एका इनामदारांच्या गोठ्यात एक विलायती गाडी होती. शर्यतीची. हिरवी, बुटकी, दोन माणसांपुरती, वर टप नाही, लांब नाकावर चामड्याचा पट्टा. इनामदारांच्या मुलानं ती हौसेनं आणली होती आणि शेजारी मिस्त्री बसायचे. कुपवाडच्या माळावर दोघांनी ती अशी पळवली होती म्हणे, की शंभर मेंढरं उधळली. मिस्त्री पुढच्या वेळी सांगत तेव्हा ती दोनशे व्हायची. विषमज्वरानं मुलगा गेला. बापानं गाडीवर ताडपत्री टाकली. मिस्त्री मात्र दोन-तीन महिन्यांनी रेल्वेनं जाऊन हातानं इंजिन फिरवून येत. "सांदे धरत्यात न्हाईतर."

बेचाळीसच्या चळवळीत आमच्या टोळीतल्या एका गड्यानं कुठूनतरी ऐकलं की गाडीच्या मॅग्नेटोची ठिणगी लांबून सुरुंग उडवते. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, सोललेल्या नारळाएवढं आणि हाताला ओढणारं जड. त्या हिरव्या गाडीचा मॅग्नेटो मागायला आम्ही मिस्त्रींकडे गेलो.

"पत्रकं लपवायची तर शेड तुमचंच हाय," ते म्हणाले. "पर तिचं काळीज न्हाई काढून द्यायचा. आन् गड्यांनो, त्यानं सुरुंग उडत न्हाई. नुसता इजेचा शाक बसतो."

आम्ही हसलो. म्हाताऱ्याला क्रांती काय कळते, असं परतताना मीच म्हणालो होतो.

मग भरदुपारी, इनामदार कोर्टाच्या कामाला गेलेले असताना, आमच्या त्या गड्यानं मॅग्नेटो काढला आणि मी बांधावर पहारा केला. पान्हे मिस्त्रींच्याच शेडमधून न विचारता नेले होते. त्यातला एक तो गोठ्यात विसरला. पान्ह्यावर मिस्त्रींची खूण होती. खंडेनवमीच्या सकाळी पोलिसांनी त्यांना उचललं तेव्हा त्यांच्या बोटांना हत्यारांच्या पूजेचं कुंकू होतं. मॅग्नेटो कुणी नेला, एवढाच प्रश्न होता. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही.

सुरुंग उडाला नाही. शाक तेवढा बसला.

पुढं मीही पकडला गेलो. दोन वर्षांनी तुरुंगातून सुटलो आणि शेडवर गेलो. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर डाव्या कानाला लावला होता. बराच वेळ ऐकून त्यांनी तो खाली ठेवला आणि मालकालाच विचारलं, "काय हुतंय म्हनालासा?" मला बघून म्हणाले, "ये रं. ह्या कानाला ती कानडीत बोलल्यागत वाटती. बोलती एवढं कळतं, काय म्हनती ते कळत न्हाई." मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्या हातात पुसायचं फडकं दिलं.

सेहेचाळीसच्या पावसाळ्यात इनामदारांचा निरोप आला. सांगलीचा एक मोडवाला गाडी भंगारात मागत होता. इनामदार म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही सांगाल तसं. चालणार असेल तर उभी करा. नसेल तर दसऱ्याला देऊन टाकतो. ती ताडपत्री रोज बघवत नाही मला."

आम्ही ताडपत्री काढली. गादीत उंदरांचं घर, पाय ठेवायच्या जागी कोंबडीची अंडी. इंजिन घट्ट धरलेलं. मिस्त्रींनी त्यात रॉकेल आणि तेल ओतलं आणि महिनाभर वाट पाहिली. एका रविवारी हँडल बोटभर सरकलं, मग वीतभर. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदाच स्वतःच्या पैशानं भजी खाऊ घातली. राहिली होती ती फक्त एक रिकामी जागा आणि चार बोल्टांची भोकं. तसला मॅग्नेटो लढाईनंतर कुठंच मिळत नव्हता.

म्हणून आम्ही सांगलीला गेलो. मॅग्नेटो काढणारा आमचा तो गडी तिथं आता लोडाला टेकून बसत होता. खादीला कडक इस्त्री.

"आवं मिस्त्री," तो म्हणाला, "देशापायी माणसं गेली, आणि तुम्ही लोखंडाचा तुकडा शोधताय?"

मिस्त्रींनी डावा कान पुढं केला. "परत म्हन. हिकडनं."

तो परत म्हणाला, जरा मोठ्यानं. दुसऱ्यांदा ते त्यालाही जड गेलं.

"ऐकलं," मिस्त्री म्हणाले. "देशाच्या उपेगी पडला आसता तर मागाया आलो नसतो."

"कुपवाडकडं कुणाला तरी दिला होता. बघतो."

परतीच्या गाडीत कराड आलं. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "खोटं बोलताना त्येचं शिलिंडर चुकलं. डाव्या कानाला बी कळलं बघ."

त्या खंडेनवमीला ते मुद्दाम रहिमतपूरला आले. इनामदारांनी हार आणून ठेवला होता. मिस्त्रींनी गाडीच्या नाकाला कुंकू लावलं आणि हार गोठ्याच्या खुंटीला अडकवला. "एक साल द्या, सरकार." इनामदारांनी दिलं.

वैशाखात मिस्त्री गेले. छातीत कळ आली, शेडच्या दारातच. पंधरा ऑगस्टला सांगलीत आमच्या गड्यानं भाषण केलं. त्यात ठिणगी होती आणि स्फोटही होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं उभा होतो आणि गप्प राहिलो, हेही लिहून ठेवतो.

इनामदारांनी दिलेलं साल या दसऱ्याला संपतं. दुसऱ्या एका मिस्त्रीला मी गाडी दाखवली. मॅग्नेटो मिळाला तरी त्यातलं चुंबक उतरलं असेल, असं तो म्हणतो. खुंटीवरच्या हाराचा नुसता दोरा उरला आहे. गाडी चालेल अशी आशा मला नाही.

तरीही तो गडी मतं मागायला तुमच्या दारात येणार आहे, आणि ठिणगीची गोष्ट सांगणार आहे. टाळ्या वाजवू नका. त्याला विचारा, मॅग्नेटो कुठं आहे. आणि तो म्हणाला की ऐकू आलं नाही, तर परत विचारा, मोठ्यानं.