खिडकीकडे तोंड केलेला टीव्ही

बदलापूरला मांजर्लीतल्या नव्या फ्लॅटमध्ये सामान चढवून झालं, तेव्हा टेम्पोवाल्याने जाता जाता हॉलमध्ये एकदा नजर टाकली आणि तो हसायलाच लागला. "मावशी, टीव्ही उलटा लावलाय तुम्ही. बाहेरची कबुतरं बघणार काय त्याला?"

द्रौपदीबाईंनी वळून पाहिलं. खरंच की! लाकडी शटरचा तो जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्यांनी स्वतः उभं राहून स्टुलावर ठेवून घेतला होता आणि त्याचं तोंड होतं खिडकीकडे. पुराच्या भीतीने मुद्दाम घेतलेल्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे! पण चूक कबूल करतील तर त्या द्रौपदीबाई कसल्या? "राहू दे तसाच," त्या म्हणाल्या. "त्याला तशीच सवय आहे."

मुलगा प्रमोद कपाळाला हात लावून उभा होता. हे खोकं भंगारात देऊन टाकू म्हणून त्याने किती दिवस आईची मनधरणी केली होती. नवा टीव्ही भिंतीवर लागणार होता, मग हा कशाला? शेवटी आईने सांगून टाकलं, "तो येत नसेल तर मीही येत नाही." मग काय, आला तोही.

द्रौपदीबाईंचे मिस्टर भीमराव अंबरनाथ एमआयडीसीत लेथवर कामाला होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोनस मिळाला त्या दिवशी ते घरी न येता थेट उल्हासनगरला गेले आणि कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून जोडून घेतलेला हा टीव्ही रिक्षात मांडीवर घेऊन आले. त्याच्यावर इंग्रजी नावाची चकचकीत पट्टी होती, पण ते नाव दुसऱ्या कुठल्या टीव्हीवर कधी कोणी पाहिलं नाही. चालायचा मात्र फर्स्ट क्लास. आणि मुख्य म्हणजे चाळीतला तो पहिला टीव्ही होता.

आता चाळ म्हटली की सगळे एकमेकांच्या घरात, असं आपण म्हणतो. तसं सगळं नसतं. द्रौपदीबाईंचं घर बौद्धांचं. शेजारची काही मंडळी अंगणात भरभरून बोलायची, पोर आजारी पडलं तर धावून यायची, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाहीत. पाणी विचारलं की "आत्ताच प्याले" असायचं. समोरच्या विठाबाई त्यातल्याच. बाई स्वभावाने लाख चांगली, पण घरात सासू होती आणि सासूची नजर अंगणभर फिरायची.

पहिल्याच रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागली आणि पोरांची झुंबड उडाली. विठाबाईंचा महेश सगळ्यात पुढे, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकलेला. आजीने त्याला तिथूनच कान धरून मागे ओढला. पोरगं रडलं. भीमरावांनी ते पाहिलं.

पुढच्या रविवारी त्यांनी टीव्ही उचलला आणि खिडकीत ठेवला, तोंड अंगणाकडे करून. अंगणात मोठी सतरंजी अंथरली आणि जाहीर केलं, "ज्याला बघायचंय त्याने बघा. पण सतरंजीवर बसून. घरून पाट आणायचा नाही, खुर्ची आणायची नाही."

द्रौपदीबाईंचा असा पारा चढला की विचारू नका. "आपल्या घरातला टीव्ही आणि आपणच उंबऱ्याबाहेर? ज्यांना आपलं पाणी चालत नाही त्यांच्यासाठी?"

"त्या पोराने काय घोडं मारलंय?" भीमराव म्हणाले. "आणि आत नाही आले तर नाही आले. सतरंजी आपलीच आहे ना? बसू दे मांडीला मांडी लावून."

माणूस हुशार होता. महेशची आजी पहिल्या रविवारी सतरंजीच्या पार टोकाला बसली, जेमतेम टेकल्यासारखी. पुढे पुढे म्हातारी अशी सरकत आली की पडद्यासमोर पाय पसरून बसायला लागली आणि मागच्यांना तिच्या अंबाड्याच्या बाजूने मान काढून बघावं लागे. विठाबाईंची जागा द्रौपदीबाईंच्या शेजारी ठरून गेली. मटार सोलत दोघी बघायच्या, एकाच वेळी डोळ्यांना पदर लावायच्या. मध्येच चित्र गेलं की भीमराव पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचे, आणि खालून सगळी चाळ ओरडायची, "थांबा, थांबा, तिथेच धरा!" मालिका संपेपर्यंत त्यांनी पत्र्यावरच राहावं, अशी काही जणांची अपेक्षा असायची.

इतकं सुख द्रौपदीबाईंनी पुढे रंगीत टीव्हीत कधी पाहिलं नाही.

विठाबाईंची सासू गेली. घरोघरी टीव्ही आले, खिडकी बंद झाली, सतरंजी विरली. विठाबाई मात्र रोज येतच राहिल्या, दारापर्यंत. चौकटीला टेकून तासतासभर बोलायच्या. भीमराव गेले तेव्हा दिवसभर पायरीवर बसून होत्या, आल्यागेल्याला आपल्या घरून चहा करून देत होत्या. हे द्रौपदीबाई कसं विसरतील? पण आत त्या आल्या नाहीत. सुरुवातीला द्रौपदीबाईंनी चहाला बोलावून पाहिलं होतं. दोनदा सबब ऐकली, ती फार लागली. मग त्यांनी विचारणंच सोडलं. मनात मात्र एवढंच राहिलं होतं की एकदा, फक्त एकदा या बाईने आत येऊन बसावं.

आणि चाळच पाडायला निघाली. विठाबाई महेशकडे शहाडला जाणार, द्रौपदीबाई बदलापूरला. निघताना दोघी दारातच गळ्यात पडून रडल्या, एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आता उंबराच राहणार नाही, तर ती आत येणार कुठून, या विचाराने द्रौपदीबाईंना टेम्पोत दुसरं काही सुचलं नाही.

मांजर्लीत बस्तान बसलं. प्रमोदने टीव्ही फिरवायला दोनदा हात घातला, दोन्ही वेळा ओरडा खाल्ला.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात विठाबाई. जिना चढून धापा टाकत होत्या, खाली महेश गाडी लावायला जागा शोधत होता. द्रौपदीबाईंचा आनंद पोटात मावेना. पण सवय म्हणजे काय असते पाहा! त्या आतून चौकटीला टेकल्या आणि तिथेच उभ्या राहून बोलायला लागल्या: गुडघे कसे आहेत, सूनबाई काय म्हणते, शहाडला पाणी येतं का.

"अगं प्रमोदची आई," विठाबाई म्हणाल्या, "बाजूला हो की. दारातच उभी करणार का मला?"

आणि चपला काढून त्या आत आल्या. सरळ सोफ्याच्या मधोमध बसल्या. "पाणी दे आधी. जीव गेला जिने चढून." द्रौपदीबाईंनी दिलं. विठाबाईंनी तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं, पदराने तोंड पुसलं आणि मग त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"हा अजून आहे? आणि तोंड तिकडे का?"

"राहिलं तसंच."

विठाबाई म्हणाल्या, "प्रमोदच्या बाबांनी माझ्या महेशसाठी फिरवला होता तो. मला तेव्हाच कळलं होतं गं. त्यांच्यामुळे मला तुझ्या शेजारी बसायला मिळालं. लई उपकार आहेत त्या माणसाचे." त्यांनी डोळे पुसले. "आता इकडे फिरव त्याला. मी आत बसलेय."

दोघींनी मिळून टीव्ही फिरवला. द्रौपदीबाईंनी वायर लावली, शटर सरकवलं. टीव्ही गुरगुरला आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या धावू लागल्या. विठाबाई मांडी घालून त्या बघत बसल्या. द्रौपदीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि काही न विचारता त्यांनी चहाचे दोन कप मांडले.